अडतीस मिलिमीटर

खांबेटेकाका आमच्या दाराची बेल थेट कधीच वाजवत नाहीत. आधी फोन करतात. "अनघा, मी तुमच्या दाराबाहेर उभा आहे. आता बेल वाजेल. ती मी वाजवलेली असेल." मग बेल वाजते. मी दार उघडते, आणि काका कपाळाला आठ्या घालून विचारतात, "खिडकीतून बघितलंस का आधी?"

"अहो काका, तुम्हीच तर आत्ता फोनवर बोललात!"

"आवाज काय, कुणीही काढतं हल्ली. कॉम्प्युटरसुद्धा काढतो."

हे गेली अकरा वर्षं चाललंय. ब्रिस्टलमधलं हे घर घेताना एस्टेट एजंट म्हणाला होता, शेजारी तुमच्याच भाषेचे एक गृहस्थ राहतात, फार काळजी घेणारे आहेत. त्या मेल्याने छप्पर, बॉयलर आणि पार्किंग या तिन्हींबद्दल आम्हाला चक्क बनवलं, पण काळजीबद्दल तो एक अक्षरही खोटं बोलला नव्हता.

काका पिंपरीच्या कारखान्यातून इकडे आले आणि विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. भाग यायचा, काका मोजायचे, बरोबर असला तर हिरवा शिक्का, नसला तर लाल. रिटायर होताना शिक्के परत द्यावे लागतात. काकांनी दिले, रीतसर पावती घेतली, आणि पुढच्याच आठवड्यात घरच्या वापरासाठी नवे दोन करून आणले. इंडियन दुकानातून आणलेलं पोह्यांचं पाकीट ते आधी काट्यावर ठेवतात. पाकिटावर पाचशे ग्रॅम, काट्यावर चारशे ब्याण्णव. लाल शिक्का. पोहे खातात, पण लाल शिक्का मारून.

त्यांचा एकच लाडका प्रश्न आहे. "गोम कुठाय?" कुठल्याही चांगल्या बातमीत गोम असते आणि ती शोधेपर्यंत आनंद करू नये, असा त्यांचा नियम. महाराष्ट्र मंडळाच्या दिवाळीत त्यांना रॅफलच्या सोडतीत एअरफ्रायर लागला. दुसऱ्या कुणी उड्या मारल्या असत्या. काका स्टेजवर गेले आणि माइकवरून विचारलं, "इतक्या लोकांत माझाच नंबर का?" एअरफ्रायर तीन महिने सेक्रेटरीच्या गॅरेजमध्ये पडून होता. कौन्सिल आपलं रीसायकलिंग खरंच रीसायकल करते का हे बघायला त्यांनी एकदा लोणच्याच्या रिकाम्या बरणीवर खूण केली आणि कचऱ्याच्या गाडीमागून सायकलवर गेले. दोन रस्ते पुढे कचरावाल्याने उतरून त्यांनाच विचारलं की बाबा रे, तू आमच्या मागे का लागलायस. काकांच्या मते हीच मोठी गोम होती.

काकू होत्या तेव्हा म्हणायच्या, "ह्यांनी लग्नाआधी माझी पत्रिका तीन ज्योतिषांना दाखवली. आणि तिघांनाही एकमेकांचा पत्ता लागू दिला नाही." काकूंना जाऊन आता सहा वर्षं झाली. एकुलती एक मुलगी, शाल्मली, मँचेस्टरला हॉस्पिटलात नोकरीला असते. दर रविवारी तिचा फोन येतो. काका आधी तिला जन्मतारीख विचारतात. ती बिचारी सांगते. मग तब्येत, हवा, ट्रॅफिक, आणि चार मिनिटांत फोन संपतो. भिंती पातळ आहेत आमच्या, म्हणून माहीत.

मी मुळात अशी संशयी नव्हते हो. नागपूरची मी. आमच्याकडे 'या, बसा' आधी आणि 'आपण कोण?' नंतर. पण शेजाराचा गुण लागतोच. आता मीसुद्धा पोह्यांचं पाकीट हातात तोलून बघते.

तर अशा घरात मार्चमध्ये एका शनिवारी मिहिका किंचाळत खाली आली. मिहिका म्हणजे आमची लेक. तेव्हा ए-लेव्हलच्या शेवटच्या वर्षाला, म्हणजे आपल्या बारावीला होती. अंगाने ताडमाड, आणि अभ्यास सोडून फक्त बास्केटबॉल. तिच्या हातात फोन होता आणि फोनवर अमेरिकेतल्या कुण्या कोच टॅमी नावाच्या बाईची ईमेल. पहिलंच वाक्य होतं, 'मिहिका, वी लव्ह युअर फिल्म.'

"फिल्म? कसली फिल्म?" निखिल, म्हणजे माझा नवरा, खुर्चीतून उठलाच.

"बाबा, चिल! माझे मॅचेसचा व्हिडिओ. क्लबच्या कोचने टाकला ऑनलाइन," मिहिका म्हणाली. पोरीचं मराठी हे असंच आहे. आम्ही सुधारणं सोडून दिलंय.

कॅन्ससमधल्या एका ज्युनिअर कॉलेजची ती कोच. अमेरिकेत अशी दोन वर्षांची कॉलेजं असतात. खेळाडू हेरतात, दोन वर्षं शिकवतात आणि खेळवतात, आणि चांगलं खेळलं तर मोठी युनिव्हर्सिटी पुढची दोन वर्षं घेते. आमच्या क्लबासारख्या लहान क्लबातल्या मुलीला मोठी युनिव्हर्सिटी थेट विचारतसुद्धा नाही. म्हणून ही पहिली पायरी. ट्यूशन, पुस्तकं, राहणं, खाणं, सगळं कॉलेजचं. जागा एकच उरली होती आणि दोन आठवड्यांत कळवायचं होतं. नाहीतर मिहिकापुढे बिझनेस मॅनेजमेंट होतं. ते नाव काढलं तरी तिचा चेहरा दाढ दुखल्यासारखा व्हायचा.

आता खरं सांगते. कुण्या परक्या बाईने कधीही न पाहिलेल्या माझ्या पोरीला फुकट अमेरिकेला का बोलवावं, हे मला झेपत नव्हतं. निखिलला तर नाहीच. आणि मी ती घोडचूक केली. ईमेल प्रिंट केली आणि शेजारी गेले. "काका, जरा बघा ना, यात गोम कुठाय?"

अकरा वर्षांत त्यांना हा प्रश्न पहिल्यांदाच दुसऱ्या कुणी विचारला होता. काकांनी चष्मा बदलला. "बस," म्हणाले, "आणि दार लाव."

पहिला आक्षेप नावावरच. "ज्युनिअर कॉलेज? म्हणजे अकरावी-बारावी! पोरीला परत अकरावीत घालणार?" ते मी समजावलं. मग त्यांनी कॉलेजचा पत्ता नकाशावर काढला, उपग्रहाचा फोटो काढला, आणि कारपार्कमधल्या गाड्या मोजल्या. "चौदाच गाड्या. एवढं मोठं कॉलेज आणि चौदा गाड्या?" फोटो रविवारचा असेल, म्हटलं. "असेल," काका म्हणाले, म्हणजे 'नसेल.'

मग कोच टॅमीबरोबर व्हिडिओ कॉल ठरला. काका सूट घालून आले. टॅमी म्हणजे डोक्यावर कॅप, तोंडात च्युइंगगम आणि गडगडाटी हसू. ती जिममधूनच बोलत होती. मिहिका प्रश्नांची उत्तरं देत होती, सगळं छान चाललं होतं, आणि काका मध्येच कॅमेऱ्यात घुसले. "मॅडम, आय कॅन सी ओन्ली वन बास्केट. प्लीज शो मी द अदर."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती बाई हसली, लॅपटॉप उचलला आणि चालत चालत कोर्टाच्या दुसऱ्या टोकाला गेली. दुसरी बास्केट होती. काकांनी वहीत खूण केली. मग त्यांनी खिडकीबाहेरचं दाखवायला सांगितलं. बाहेर सपाट माळरान आणि एक पाण्याची टाकी. "बरं," काका मला मराठीत म्हणाले, "माणूस खोटं कॉलेज उभारेल, पण खोटी टाकी कशाला उभारेल."

म्हणजे कोच पास झाली, असं आम्ही समजलो. मिहिकाने काकांना मिठी मारली. "काका, तो कोच किती चांगली आहे ना!" काका ताठ उभे राहिले. मिठीत गोम काय आहे ते तपासत असावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोन. "मी बाहेर उभा आहे." हातात स्टीलची टेप आणि काटकोन्या. ऑनलाइन प्रोफाइलवर मिहिकाची उंची सहा फूट लिहिली होती. क्लबच्या कोचने भरलेली. काकांनी तिला झोपेतून उठवून भिंतीला उभं केलं, डोक्यावर काटकोन्या टेकवला, पेन्सिलीने रेघ मारली. संध्याकाळी सातला परत आले. "संध्याकाळी माणूस आखूड होतो. मणके दबतात दिवसभर. सरासरी काढावी लागते." पोरगी हसत उभी राहिली. आम्हीही हसलो. काका नाही हसले.

बुधवारी दुपारी मी ऑफिसात होते आणि ईमेल आली. काकांनी कोच टॅमीला लिहिली होती आणि मला व क्लबच्या कोचला सीसी केलं होतं. विषय होता, 'खेळाडू मिहिका: तपासणी अहवाल.' पहिलीच ओळ होती, 'प्रोफाइलवरील उंची १८२९ मिलिमीटर. प्रत्यक्ष सरासरी १७९१. तूट ३८ मिलिमीटर.' शेजारी लाल शिक्का. सोबत स्कॅन केलेली आणखी चार पानं जोडलेली होती. ती उघडायचीही छाती झाली नाही.

घरी आले तर मिहिका जिन्यात बसून रडत होती. तिला क्लबमधून कळलं होतं. बास्केटबॉलमध्ये उंची म्हणजे सगळं, आणि दीड इंच म्हणजे फार मोठी गोष्ट. सगळेच थोडी वाढवून लिहितात म्हणे. "आता तो म्हणेल ही मुलगी लायर आहे," हुंदके देत म्हणाली. "आई, माझा चान्स गेली."

मी तशीच चपला न घालता शेजारी गेले. बेल वाजवली, वाजवतच राहिले.

"काका, काय केलंत हे?"

"तूच म्हणालीस, गोम कुठाय बघा," काका शांतपणे म्हणाले. "सापडली. आपल्याकडचीच निघाली."

"अहो, पण तिला कळवायची काय गरज होती?"

"खोट्या मापाचा भाग पाठवायचा? आणि तिकडे बसला नाही म्हणजे? पोर एवढ्या लांब जाणार, आणि पहिल्याच दिवशी तिला भिंतीला उभी करणार ते. तेव्हा तिथे कोण असेल तिच्याबरोबर?"

हे मी ऐकलं, पण तेव्हा डोक्यात गेलं नाही. मी नको ते बोलले. "तुम्हाला कुणाचं चांगलं झालेलं बघवतच नाही! आयुष्यभर लाल शिक्केच मारलेत." बोलून गेले. काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "दार हळू लाव," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी ती चार पानं उघडली. भांडणासाठी आणखी दारूगोळा मिळेल म्हणून, दुसरं काही नाही.

अहवाल असा होता. डाव्या हाताने बॉल नेताना मिहिका खाली बघते; सराव हवा. सकाळी नाश्ता न करता आली तर तिसऱ्या क्वार्टरमध्ये दमते. कुणाला धक्का लागला की पंचांनी शिट्टी मारायच्या आधीच सॉरी म्हणते, त्यामुळे गेल्या दोन सीझनमध्ये नऊ फाउल उगाच अंगावर घेतले. हा दोष सुधारू नये, अशी शिफारस. टीम हरत असली की जास्त पळते. जिंकत असली की बाकावरच्या मुलींना पाणी नेऊन देते. एका मॅचमध्ये शेवटचा शॉट चुकला, तेव्हा कपडे बदलायच्या खोलीत न जाता रिकाम्या कोर्टावर तोच शॉट साठ वेळा मारला, चव्वेचाळीस गेले. या सगळ्याला एकेक हिरवा शिक्का. आणि खाली, 'आधार: एक्केचाळीस सामने, प्रत्यक्ष पाहून.'

एक्केचाळीस! मी स्वतः अकरा पाहिले होते. बाकीच्या वेळी तिला स्पोर्ट्स सेंटरच्या दारात सोडून मी गाडीत लॅपटॉप उघडून बसायचे. आणि हा माणूस दर शनिवारी दोन बस बदलून जात होता आणि आम्हाला पत्ता नव्हता. मिहिकाला विचारलं, तर ती म्हणाली, "वरती गॅलरीत एक आजोबा टोपी खाली ओढून असतात, चेहरा दिसत नाही, लिहितात काहीतरी. आम्हाला वाटायचं तो दुसऱ्या टीमचा स्पाय आहे." आमच्या पोरीलाही आता संशय येतो, बघा.

मला माझीच इतकी लाज वाटली की सांगता सोय नाही. पण माफी मागायला जायचं तर धीर होईना. आणि कोचचं उत्तरही नव्हतं. शुक्रवार गेला, शनिवार, रविवार. शेजारून फोन नाही, 'मी बाहेर उभा आहे' नाही. मिहिका फोन उशाशी घेऊन झोपायची. दोन आठवड्यांची मुदत संपायला पाचच दिवस उरले.

सोमवारी उत्तर आलं. मिहिकाने मला वाचायला लावलं. तिची हिंमत नव्हती. कोच टॅमीने लिहिलं होतं की दर वर्षी तिच्याकडे येणाऱ्या मुली विमानात दोन इंच आखडतात, आणि ती मुकाट्याने गणवेश बदलून देते. इतक्या वर्षांत खेळाडूबद्दलचं खरं कागदपत्र तिला पहिल्यांदाच मिळालं. ते तिने आपल्या असिस्टंटलाही वाचून दाखवलं. डावा हात आम्ही बघतो. सॉरी म्हणणं तसंच राहू दे. जागा तुझीच आहे, कागद पाठवतेय, सही कर. आणि ता. क.: हे मिस्टर खांबेटे नोकरी शोधतायत का?

मिहिका आधी रडली, मग घरभर धावली, मग दिवाणखान्यातला दिवा फोडला. मी शिरा केला. साजूक तुपातला, वजन करून. वाटी घेऊन शेजारी गेले आणि दारात उभं राहून फोन लावला.

"काका, मी तुमच्या दाराबाहेर उभी आहे. आता बेल वाजेल. ती मीच असेन."

मग खिडकीचा पडदा हलला आणि दार उघडलं.

मी कोचची ईमेल त्यांच्या हातात दिली. त्यांनी उभ्याउभ्याच दोनदा वाचली. नोकरीच्या ओळीपाशी आले आणि म्हणाले, "यात गोम आहे." पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं.

"काका, मी त्या दिवशी फार वाईट बोलले. चुकले मी."

"मापात बोललीस," काका म्हणाले. शिरा खाल्ला, वजनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. मग उठून कपाटातून एक फाइल काढली, त्यातून प्लास्टिकच्या पाकिटात ठेवलेला एक जुना कागद. "तू सॉफ्टवेअर तपासतेस ना? नजर ताजी आहे तुझी. जरा बघतेस? यात गोम कुठाय?"

पत्र इंग्रजीत होतं. वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं. शाल्मली खांबेटे हिची बासरीवादनासाठी युवा वाद्यवृंदात निवड झाली आहे, उन्हाळ्यात सहा आठवडे, राहणं-खाणं आमच्याकडे, अमुक तारखेपर्यंत कळवावे.

"सतरा वर्षांची होती," काका म्हणाले. "मी नाही म्हणालो नाही हं. मी फक्त चौकशी करत होतो. त्यांना पत्र लिहिलं, उत्तर आलं, परत लिहिलं. सगळं फुकट कसं, हे काही पटेना. चौकशीत तारीख निघून गेली. ती काही बोलली नाही. नंतर बासरी कधी बाहेर काढलेली दिसली नाही."

मी पत्र उजेडात धरलं. मनापासून सांगते, मी गोम शोधली. त्यांच्यासाठी शोधली. "काका, यावर फोन नंबर नाही."

"मागे आहे."

"सही नीट लागत नाही."

"खाली टाइप केलंय नाव. ती बाई खरी होती, मी शोध घेतला."

"पत्ता..."

"मी जाऊन आलो. इमारत आहे अजून." काकांनी हात पुढे केला. "नाही ना सापडत? मलाही नाही. दर वर्षी काढतो आणि बघतो. एखादी तरी सापडावी गं. एक बारीकशी चालली असती."

मी पत्र त्यांच्या हातात ठेवलं. म्हटलं, "काका, पास आहे हे पत्र."

काकांनी कागद टेबलावर ठेवून हाताने सपाट केला. मग टेबलाचा खण उघडून हिरवा शिक्का काढला, शाईच्या पॅडवर दाबला, आणि तारखेच्या खाली अगदी सरळ उमटवला. शेजारी पेनाने बारीक अक्षरात लिहिलं, 'भाग निर्दोष. चूक इन्स्पेक्टरची.' खाली सही केली. शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. कागद एका लिफाफ्यात घातला, वर मँचेस्टरचा पत्ता लिहिला, आणि तो एकदा माझ्याकडून आणि एकदा फोनमध्ये बघून तपासून घेतला.

"साध्या पोस्टाने नको," म्हणाले. "सही घेऊन देतात ना, तसं. तिच्याच हातात पडलं पाहिजे." लिफाफा हातातच धरून ते दारापर्यंत आले, आणि तिथे थांबले. "अनघा, पोस्टमन तिला जन्मतारीख विचारेल का गं?"